मंदील न्यायला कोणी आलं नाही

दसऱ्याच्या सकाळी मधुकररावांनी वॉकर घेऊन खिडकी ते दार अशा किती फेऱ्या मारल्या, ते त्यांच्या नव्या गुडघ्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी दहा सांगितल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर मलमलीच्या फडक्यात खानदानी जरीचा मंदील बांधून ठेवला होता, आणि तो न्यायला आसनगडहून अजून कोणी आलं नव्हतं.

आसनगड म्हणजे नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढं संस्थान. ते विलीन झालं आजोबांच्या काळात, तनखा बंद झाला वडिलांच्या. तेव्हा मधुकरराव चौथीत होते. पुढे त्यांनी विमा कंपनीत छत्तीस वर्षं काढली, मुलुंडला फ्लॅट घेतला. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणतात आणि लिफ्ट बंद पडली की तक्रार लिहायला बोलावतात. मान उरला होता एकच. दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता आपट्याच्या फांदीवर पहिला कोयता त्यांचा. राजा आजारी असेल तर त्याचा मंदील पारावर ठेवायचा. पण तो गावाने मागून न्यायचा असतो; आपणहून पाठवला तर मान कसला राहिला? म्हणून यंदा जमणार नाही, एवढंच त्यांनी पुजारी कुंडलिकला कळवलं आणि वाट बघत बसले.

दहा वाजले. रस्ता सात तासांचा. त्यांची पत्नी अनुपमाबाई म्हणाल्या, एक फोन करा ना, त्यात कसला आलाय कमीपणा? हिला काय कळणार, ही दादरच्या मास्तरांची मुलगी, असं पुटपुटत मधुकररावांनी शेवटी कुंडलिकला फोन लावलाच आणि मंदिलाचं काय ते जरा चढ्या आवाजात विचारलं.

कुंडलिक गडबडला. मग हळूच म्हणाला, "सरकार, सोनं तर सकाळीच लुटलं."

"पहिला कोयता कोणी मारला?"

"दरसाल एका घराची पाळी असतीया. यंदा आमच्या सूनबाईची होती."

कुंडलिक सांगत राहिला. पोरांना दुपारच्या शिफ्टला कारखान्यात जायचं असतं, म्हणून गेली अकरा वर्षं गाव सकाळीच उरकून घेतं. संध्याकाळचं सगळं फक्त सरकारांसाठी. त्यासाठी दोन फांद्या राखून ठेवायच्या, घरी असतील तेवढ्यांनी पुन्हा नवे कपडे घालून पारावर यायचं.

अकरा वर्षं! आपण मंदील चढवून ऐटीत उभे राहत होतो आणि अख्खं गाव आपलं मन राखत होतं. त्यांना आधी संताप आला. मग म्हाताऱ्या बायका आठवल्या, दुसऱ्यांदा ओवाळायला ताटकळलेल्या, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. एकीच्याही चेहऱ्यावर कधी कंटाळा दिसला नव्हता.

"रागावलासा का, सरकार?" कुंडलिकने विचारलं. "पुढल्या साली या. फांद्या राखतो."

गुडघा ठणकत होता, तरी मधुकरराव वॉकरला धरून उभेच राहिले.

"राखू नकोस," ते म्हणाले. "मी आदल्या दिवशीच येईन. आणि पाळी लावाल त्यात माझंही नाव घाल. सगळ्यांच्या खाली."