भ च्या डोक्यावरची फट

मी पोस्टर बोलतोय. रस्तोरस्ती चिकटवतात ती छापील पोरं माझी. मी मूळ, हाताने रंगवलेला. सध्या काचेआड आहे. लोक मान तिरकी करून बघतात आणि "वा!" म्हणतात. त्या "वा!"चा मला वीट आला आहे.

मला दोघा भावांनी घडवलं. दादा अक्षरं काढायचा, धाकटा चित्रं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसायचे. रीत ठरलेली होती: कोऱ्या कागदावर आधी दादा शिरोरेषा ओढणार, मग धाकटा तिच्यात चित्र गुंतवणार. एकदा ती रेघ कपडे वाळत घालायची दोरी झाली, एकदा होडीचा काठ. चित्र कुठे संपलं आणि अक्षर कुठे सुरू झालं, हे सांगता यायचं नाही. दोघांचंही तसंच होतं, निदान तोवर.

मी एका नाटकाचा. नाव 'सख्खे भाऊ'. वर बारीक 'सख्खे', खाली ठसठशीत 'भाऊ'. धाकट्याने तपकिरी रंगात दोन भाऊ काढले, खांद्यावर तुळई घेतलेले. तुळई म्हणजे दादाची काळी शिरोरेषा, आणि तिला अक्षरं लटकलेली. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवरच भाळलो होतो.

"दादा, भ पाशी तुळई तुटकी दिसते रे," धाकटा म्हणाला.

"दिसू दे. भ च्या डोक्यावर तेवढी फट लागतेच."

"पण चित्र लंगडं होतंय."

"होऊ दे. हात लावू नकोस."

दादा जेवायला उठला आणि धाकट्याने हात लावलाच. बोटभर रेघ, तपकिरी, एका फटक्यात. त्याला तुळई दिसत होती. भ चा म झाला हे दिसलंच नाही. दादा परतला तोवर मी छापखान्याच्या वाटेवर होतो. तिथेही कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नाव सगळ्यांना तोंडपाठ होतं. छपाई एकरंगी, त्यामुळे रेघ कुणाची हा प्रश्नही उरला नाही.

शहरभर 'सख्खे माऊ' लागलं. पहिल्या प्रयोगात दोन भाऊ गळ्यात पडून रडायला लागले, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी "म्याऊ" केलं. नाटक तिथेच पडलं.

नाटकाचा मालक मला घेऊन तरातरा आला. "अक्षरं कुणाची?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. काळ्यातलं तपकिरी त्याच्या नजरेतून सुटेल होय? मग त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा स्वच्छ झालेला कुंचला पुन्हा पुन्हा धूत होता.

"माझी," दादा म्हणाला.

मी मनातल्या मनात ओरडलो, पण कागदाला कोण विचारतो? त्यानंतर दादाला कुणी पोस्टर दिलं नाही. 'माऊवाले' हे नाव मात्र जन्माचं चिकटलं. 'येथे वाहने लावू नयेत' असल्या पाट्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं. धाकट्याचं नाव झालं. मी वहिनीच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून पडलो.

दादा गेल्यावर वर्षभराने धाकटा आला. त्याच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरणार होतं. वहिनीने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं.

"भाऊजी, ही रेघ तपकिरी आहे."

"जुनं झालं ना, वहिनी. काळा रंग विटतो."

"बाकीचा नाही विटला तो?"

धाकट्याने खाली बघितलं.

"न्या," वहिनी म्हणाली, "पण आहे तसंच लावा. ह्यांनी कधी तुमचं नाव घेतलं नाही. निदान रेघ तरी राहू द्या."

त्याने मान हलवली. त्याला लाज वाटली असेल, असं मी वाटभर समजत होतो. घरी पोचल्यावर त्याने ब्लेड घेतलं आणि रेघ खरवडून काढली. मग भुगा फुंकून टाकला.

आता मी शुद्ध आहे. एकही चूक नाही. खालच्या चिठ्ठीवर चित्र आणि अक्षरं, दोन्हींपुढे एकाच भावाचं नाव आहे.

एक विनंती करतो. "वा!" म्हणण्याआधी जरा जवळ या. भ च्या डोक्यावर कागद खरबरीत दिसेल. दादा म्हणाला होता तेवढीच फट आहे, बोटभर.