करपलेल्या चादरी

सकाळचे कपडे येऊन पडले होते. इस्त्रीच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत दीर गिऱ्हाइकांशी हसतखेळत बोलत होता आणि मागच्या खोलीत थोरली सून इस्त्री करत होती. मध्ये जाड सुती पडदा होता. नवरा होता तोवर थोरली त्याच्या शेजारी पुढच्या टेबलाशी उभी राहायची. तो गेला आणि तिची इस्त्री पडद्यामागे गेली.

"विधवा बाईनं दुकानात पुढं दिसू नये," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मी कधी दिसले? माझं काही अडलं का?"

त्याही ऐन तिशीत विधवा झालेल्या. आपण सोसलं ते सुनेनंही सोसलं म्हणजे न्याय झाला, असं मानणारी घरं पुष्कळ असतात, आणि त्यांना कुणी वाईट म्हणत नाही.

थोरलीनं वाद घातला नाही. तिला काही वाटतच नव्हतं. राग नाही की रडू नाही. पुढ्यात येईल ते जेवायचं, पुढ्यात येईल ते कापड सपाट करायचं. बोट भाजलं तरी तिला ते भांडी घासताना फोड दिसल्यावर कळायचं.

त्या दिवशी लॉजच्या चादरी होत्या. तिनं चादरीवर इस्त्री टेकवली आणि भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली. करपल्याचा वास पडद्यापलीकडे गेला तसा दीर धावत आला.

"अहो वहिनी, लक्ष कुठंय तुमचं? लॉजवाल्याला आता काय तोंड दाखवू मी?" त्यानं चादर तिच्या अंगावर भिरकावली. "घ्या, आता तुम्हीच पांघरा ही!"

तिनं खरंच पांघरली. दुपारी जरा पडताना तो तपकिरी डाग तिच्या डोळ्यांसमोर आला. वर निमुळता, खाली रुंद, टेबलावर वाकलेल्या माणसाच्या पाठीसारखा. ती पाठ तिच्या ओळखीची होती. ती उठली, इस्त्री तापवली आणि इस्त्रीच्या टोकानं त्या पाठीला मान काढली. मग हात काढले.

त्यानंतर फाटक्या, विटलेल्या चादरी ती बाजूला ठेवू लागली. इस्त्री नुसती टेकली की पिवळसर, जरा थांबली की बदामी, रेटली की गर्द तपकिरी. उजेड हवा तिथं ओलं फडकं. एक श्वास जास्त झाला की कापडाला भोक. इथं खोडता येत नाही की वरून रंग चढवता येत नाही. कितीतरी चादरी वाया गेल्या. पडद्याखालून दिसणारी गिऱ्हाइकांची पावलं तिनं काढली, नवऱ्याच्या सदऱ्याची रिकामी बाही काढली, सासूबाईंचे हात काढले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण तेवढा वेळ ती भिंतीकडे बघत नव्हती.

"करपवायचा धंदा बरा जमलाय तुम्हाला," दीर चिडवायचा. मग एकदा चित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्या एक बाई कपडे घ्यायला आल्या. पडदा सरकलेला होता आणि मागं थोरलीनं चित्र काढलेली चादर टांगलेली होती.

"हे कुणी केलं हो?"

"मीच," दीर बोलून गेला. माणूस दुष्ट नव्हता, पण घरातलं सगळं आपलंच मानायची सवय होती. बाईंनी लगेच त्याच्या नावानं प्रदर्शन ठरवलं.

"नाव घरचंच राहतंय ना, वहिनी," संध्याकाळी तो म्हणाला. "तुमचं लावलं तर लोक म्हणतील, विधवा बाईला चव्हाट्यावर आणली."

सासूबाईंनी मान डोलावली. थोरली "बरं" म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी थोरली आणि सासूबाई सगळ्यात मागच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. दालन भरलं तशा बाई उत्साहानं म्हणाल्या, "आता चित्रकार आपल्यासमोर एक चित्र करून दाखवतील." टेबल, इस्त्री, पांढरं कापड, सगळी तयारी होती. दिराचा चेहरा पडला. त्याचा हात इस्त्री फिरवण्यात तरबेज होता, पण कुठं थांबायचं हे त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. त्यानं इस्त्री टेकवली. धूर निघाला.

"वहिनी, बघताय काय! करपतंय!"

"तुमचंच चित्र आहे ना, भाऊजी."

कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं घाईघाईनं इस्त्री उचलली, तर कापडाला वीतभर भोक पडलेलं. "या ना जरा इकडं," तो अजिजीनं म्हणाला.

"कोण म्हणून येऊ?"

आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. दीर कापडाचं भोक तळहातानं झाकू लागला. ती जागची हलेना.

सासूबाई मघापासून समोरच्या चादरीकडे बघत होत्या. पडद्यामागं बसलेली बाई, चेहऱ्याच्या जागी कोरं कापड. हात मात्र त्यांचे होते, वाकड्या करंगळीसकट. आपल्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं असेल हे त्यांना माहीत नव्हतं.

"चित्रं हिची आहेत," त्या उभं राहून म्हणाल्या. "हिला पडद्यामागं मी बसवली. चुकलं माझं. ऊठ गं थोरले."

थोरली गेली. दिराच्या हातून तिनं इस्त्री घेतली, नवं कापड मागितलं नाही. त्याच भोकाभोवती पडद्याच्या चुण्या उमटत गेल्या आणि भोकाच्या जागी बाजूला सारलेला पडदा दिसू लागला. शेवटच्या चुणीला तिचं बोट इस्त्रीच्या तापल्या तळाला लागलं.

"आई गं!" ती मोठ्यानं ओरडली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटलं, फार भाजलं. भाजलं होतंच, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ते तिला तिथल्या तिथं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा पडदा जागेवर नव्हता. पुढच्या टेबलावर तो पसरलेला होता आणि थोरली बोटाच्या फोडावर फुंकर घालत इस्त्री तापायची वाट बघत होती. सकाळी सकाळी तिला पुढं बघून दोन गिऱ्हाइकं दारातूनच मागं फिरली. सासूबाईंनी त्यांना हाक मारली नाही.

जाड सुती कापडावर चित्र छान उमटतं. आपापल्या घरातले पडदे एकदा बघून घ्यावेत.