ज्वाळ गेल्यावरची मोजणी

बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखा थर चढला, नळ्या गेल्या आणि सगळं खापर बाबांच्या माथी फुटलं. सव्वीस वर्षं भट्टी राखलेला माणूस, आणि अहवालात एकच ओळ: 'इंधन निर्दोष. आग राखण्यात हयगय.' नोकरी गेली ती गेलीच, पण त्या ओळीने बाबांची अन्नावरची वासनाच उडवली.

म्हणून थोरली लेक त्यांना घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. डब्यात नळ्या गेल्या त्या दिवशीच्या इंधनाच्या, पेंढा दाबून केलेल्या दोन कांड्या होत्या.

"मी मोजलंय की एकदा," चष्मेवाले सर म्हणाले. अहवाल त्यांचाच होता. "नळ्या खाणारं पोटॅशियम जास्त सुटलं असतं, तर यंत्राने बोंब ठोकली असती."

"मग पुन्हा मोजायला काय जातंय, सर?" थोरलीच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

सरांना हसू आलं. "बोट लावू नकोस हं. घामातलं मीठसुद्धा दिसतं त्याला." त्यांनी चिमट्याने एक कांडी तारेला अडकवून गॅसच्या निळ्या आचेवर धरली. कांडी भडकली. यंत्राच्या पडद्यावरची पोटॅशियमची रेघ जराशी चढली आणि कांडीची ज्वाळ गेली तशी खाली आली.

"बघितलंत?" सरांचा हात यंत्र बंद करायच्या चावीकडे गेला.

"थांबा, साहेब." बाबा आल्यापासून पहिल्यांदाच बोलले. "ज्वाळ गेली, विस्तव आहे अजून. विस्तवाकडे पाठ करून मी कधी पाळी सोडली नाही."

"काका, आम्ही ज्वाळेपुरतंच मोजतो."

"आणि नळ्यांना काय सांगता?" थोरली म्हणाली. "ज्वाळ गेली, आता झोपा?"

सरांचा हात थांबला. कांडीच्या उरलेल्या लालबुंद कणीच्या वर निळ्या आचेत फिकट जांभळी झाक आली. रेघ उठली, मघाच्या टोकाला मागे टाकून गेली आणि तिथेच राहिली. एक मिनिट. दोन.

सरांनी दुसरी कांडी लावली. तेच.

त्यांनी चष्मा काढला. "दर वेळी मी ज्वाळेबरोबर यंत्र बंद करत आलो," ते हळूच म्हणाले. मग नवा कागद ओढून लिहिलं आणि उभं राहून वाचलं: 'दोष इंधनाचा. आग राखण्यात हयगय नाही. आधीची मोजणी अपुरी, चूक माझी.'

थोरलीने उडीच मारली. "बाबा, चला! आईला सांगू!"

बाबांनी डोळे पुसले, पण उठले नाहीत. तारेवरची कणी अजून लाल होती.



"विझू दे," ते म्हणाले. "मग जाऊ."