सेर्वाचा डावा हात

माझी बहीण सेर्वा गेली त्याला वर्ष झालं, आणि कुमासी शहरात नाचाचा वर्ग चालवणाऱ्या ओफोसूने तिथल्या मोठ्या सभागृहात तिच्या नावाने आडोवाचा कार्यक्रम ठेवला. आडोवा आम्ही मयताला नाचतो, अंगणात, ढोलांच्या समोर. पण सभागृहाला माझी हरकत नव्हती. डोक्यावर ऊन नाही, पाठीला खुर्ची; साठीनंतर एवढं सुख कुणाला नको असतं? आमच्या पथकातल्या चौदा बायकांना न्यायला त्याने गावात बस पाठवली. लाल-काळी कापडं नेसून आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो आणि प्रत्येकीच्या हातात खिम्याचा पॅटिस आणि माल्टची बाटली आली. तिथेच मला शंका यायला हवी होती. ओफोसू उगाच कुणाला पाणी पाजणाऱ्यातला नव्हे.

दारातच त्याने मला बाजूला घेतलं होतं.

"बिरागोमावशी, शेवटी तुम्हाला स्टेजवर बोलावणार. तुम्ही फक्त पोकुआच्या डोक्यावर दोन बोटं धरायची. बाकीचं मी बघतो."

"आणि नाच बरा नसला तर?"

"काय मावशी, सेर्वामावशींचाच तर नाच आहे. पुढच्या वर्षीपासून शाळाशाळांतून हाच शिकवायचा म्हणतायत. शाळाखात्याचे साहेब आलेत बघायला. तुम्ही सख्ख्या बहीण, वर पथकाच्या मुख्य. तुमची बोटं वर गेली की विषय संपला."

उजव्या हाताची दोन बोटं नाचणारीच्या डोक्यावर धरली की आमच्यात ती शाबासकी. टाळ्या काय, कुणीही वाजवतं. बोटं धरली म्हणजे हा नाच खरा, असं चारचौघांत सांगितलं, मग ते मागे घेता येत नाही. मी हो म्हटलं नाही. पण पोकुआ म्हणजे सेर्वाची नात, सतरा वर्षांची पोर. तिच्यावर बोटं धरायला मिळाली तर मला हवीच होती.

पडदा वर गेला, ढोल वाजायला लागले, पण ढोल दिसेनात. मी मान उंच करून शोधत राहिले.

"त्या पेट्यांतून वाजतायत," शेजारची अफ्रिये म्हणाली. चाळीस वर्षं ही माझ्या आणि सेर्वाच्या मध्ये नाचलेली बाई.

स्टेजच्या दोन कोपऱ्यांत दोन काळ्या पेट्या होत्या. आमच्याकडे नाचणारी चुकली तर मोठ्या ढोलावरचा म्हातारा ढोल थांबवतो, तिच्याकडे रोखून बघतो, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पेटी कुणाला थांबवणार?

मग वीस मुली आल्या. वीसही जणींचा उजवा हात कोपरात दुमडून पोटाशी धरलेला. उजवा पाय जमिनीवरून घासत नेत होत्या. आणि डावा हात पुढे करून त्या पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना नमस्कार करत होत्या. हसत हसत.

मला आधी काही कळेचना. डाव्या हाताने आमच्याकडे कुणाला रस्तासुद्धा दाखवत नाहीत. उजव्यात ओझं असलं आणि दाखवावाच लागला, तर आधी माफी मागतात. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

दहा वर्षांपूर्वी सेर्वाला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. तरी मयताला जायची ती. खुर्चीतून उठायची, वडीलधाऱ्यांपुढे वाकायची आणि म्हणायची, "माफ करा, माझा उजवा हात माझ्याआधी गेला. त्याच्या जागी हा आलाय." लोक डोळे पुसायचे. मग ती पाय ओढत, डाव्या हाताने जमेल तेवढं नाचायची. ओफोसू तिथे मोबाइल घेऊन उभा असायचा. त्याने ते सगळं उचललं आणि माफी तेवढी गाळली. वीस धडधाकट मुलींना त्याने माझ्या बहिणीचं दुखणं शिकवलं होतं आणि त्याला चाल लावली होती.

स्टेजकडे मला बघवेना, म्हणून मी लोकांकडे बघायला लागले. तेही बघायला नको होतं. पुढच्या रांगेतले साहेब तालावर मान हलवत होते, आणि तालही धरता येत नव्हता. मागे कुणी नवरा बायकोला समजावत होता, "ही सेर्वा-शैली. फार प्राचीन आहे." प्राचीन! दहा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी कोको वाळत घालताना सुरू झालेली शैली ती. मुलींनी पाय घासला की टाळ्या पडत. त्यांनी तो आणखी लांबवर घासला की शिट्ट्या. जो तो आपला मोबाइल उंच धरून स्वतःच्या हातातल्या काचेत नाच बघत होता. समोर मुली आहेत याची त्यांना गरजच नव्हती. दुसऱ्या रांगेत एक म्हातारे होते, अंगावर जुनं, भारी कापड. त्यांना कळलं होतं. पहिला डावा हात पुढे आला तेव्हा त्यांनी मान फिरवलेली मी पाहिली. पण दोन्हीकडचे शेजारी टाळ्या वाजवायला लागले तसे त्यांनीही वाजवल्या. गाढवाला गुळाची चव नसते, ठीक आहे. पण ज्याला चव आहे त्याने चिखल खाऊन वा म्हणावं, याचा मला जास्त राग आला.

तेवढ्यात शेजारी अफ्रियेने दोन बोटं वर केली. तिच्या पलीकडच्या बायकांनीही केली. खाल्ल्या पॅटिसला जागत होत्या.

"बोटं खाली घे," मी म्हटलं.

"अगं, पोरी आहेत. पोकुआ बघ ना, कशी गोड दिसते."

"सेर्वाच्या लुळ्या हाताला शाबासकी देतेस? लाज नाही वाटत?"

"हळू बोल, बिरागो. परत जायला बस त्याचीच आहे."

मी तिचं मनगट धरून खाली ओढलं. तिने ते सोडवून घेतलं आणि पुन्हा वर केलं, माझ्याकडे न बघता.

नाच संपला. लोक उभे राहिले. ओफोसूने माइकवर माझं नाव पुकारलं, "दिवंगत सेर्वाबाईंची सख्खी बहीण," असं गळा दाटवून. दोन मुलींनी मला धरून वर नेलं. पोकुआ माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि तिने मान खाली घातली. सगळे मोबाइल आमच्याकडे वळले. मी दोन्ही हात कापडात घट्ट धरून ठेवले.

"मावशी, बोटं," ओफोसू माझ्या कानाशी म्हणाला.

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पोरीलाच विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"आजीने."

"आजीचा हात लुळा होता गं. तो काय नाच होता?"

तिने मान वर केली. तिचेही डोळे रागाने लाल झाले होते.

"लुळा होता ते मला माहितीये. तिला रोज मी जेवण भरवायचे. पण त्या हातात आधी काय होतं ते मला कुणी दाखवलं? आजी म्हणायची, उजव्या हाताचं सगळं बिरागोला येतं, तिच्याकडे जा. मी आले होते तुमच्याकडे. दोनदा. तुम्ही दारातूनच म्हणालात, मी नाच सोडला. मग सरांनी विचारलं तेव्हा मी जे पाहिलं तेच दाखवलं."

ते खरं होतं. सेर्वा पडली त्या दिवशी मी नाच सोडला. पथकाची मुख्य म्हणून मयताला जायचे, बसायचे, मान घ्यायचे. पण उठायचे नाही. तिला नाचता येत नाही तर मी कशाला नाचू, असा माझा हट्ट. लोक त्याला बहिणीची माया म्हणाले आणि मी म्हणू दिलं. आणि माझी ती बहीण, अर्ध्या अंगाने, पाय ओढत, नऊ वर्षं माझ्या नाकासमोर नाचत राहिली. पोरीला ती निदान जेवढं होतं तेवढं तरी देऊन गेली. मी काय दिलं? दार.

मी ओफोसूच्या हातातला माइक घेतला. तो हसून मागे सरला. त्याला वाटलं, म्हातारी दोन शब्द आशीर्वादाचे बोलेल.

"हा नाच नाही," मी म्हटलं. "हे माझ्या बहिणीचं दुखणं आहे. नाच तिच्या उजव्या हातात होता, तो मला येत होता, आणि मी कुणाला शिकवला नाही. या मुलींची काही चूक नाही. साहेब, शाळेत हे शिकवू नका. मी बोटं धरणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडलं, "वा आजी!" पुढच्या बाईने रुमाल काढला. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. ओफोसूच सगळ्यांत जोरात वाजवत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिसऱ्या रांगेत अफ्रियेची बोटं तेवढी खाली आली होती आणि ती आपल्या मांडीकडे बघत बसली होती. साहेबांनीही मान हलवणं थांबवलं होतं.

पोकुआ अजून गुडघ्यावर होती. डोक्यावर बोटं नव्हती, आणि टाळ्यांनी ते भरून येणार नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पोटाशी धरलेला उजवा हात तिने सरळ केला, जमिनीवर टेकला आणि उठली.

"उद्या किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"सहाला," मी म्हटलं. तेही रागातच. "उशीर केलास तर दार उघडणार नाही."

"मागच्या वेळी मी पाच वाजता आले होते," ती म्हणाली.