निळ्या पट्टीची नळी

मित्रांनो, डॉक्टरांच्या गळ्यात तुम्ही पाहता तो स्टेथोस्कोप एकट्याने ऐकण्यासाठी असतो. मी तसा नाही. माझी चकती एकच, पण तिच्यातून निघालेल्या नळीला पुढे दोन फाटे फुटतात आणि दोन्हींच्या टोकांना कानात घालायची जोडी आहे. एक जोडी शिकवणाऱ्याची, दुसरी शिकणाऱ्याची. एकच ठोका दोघांना एकाच वेळी ऐकू यावा, एवढ्यासाठी मला घडवलं. आता मी जुना झालो आहे आणि माझी एक बाजू मुद्दाम नादुरुस्त ठेवली आहे. ते कसं झालं, ते सांगतो.

कारखान्यातली मला आठवते ती शेवटच्या टेबलावरची तपासनीस बाई. तिने माझी चकती स्वतःच्याच छातीवर ठेवली, आधी एक जोडी कानाला लावली, मग दुसरी. दोन्हींतून आपले ठोके ऐकू आले, तेव्हा कुठे तिने मला खोक्यात घातलं. दिवसाला तीनशे नग तिच्या हाताखालून जात. एकाचीही दुसरी जोडी तपासायची तिने सोडली नाही.

खोकं उघडलं ते एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयविकार वॉर्डात. तिथल्या मुख्य डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी माझ्या एका फाट्याला लाल चिकटपट्टी लावली, दुसऱ्याला निळी. लाल त्यांची, निळी विद्यार्थ्यांची. रोज सकाळी साडेआठला सहा विद्यार्थी खाटेभोवती उभे राहत. मॅडम चकती ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "पहिल्या ठोक्यानंतर फुंकर मारल्यासारखा आवाज. ऐकलास ना?" निळी जोडी लावलेला विद्यार्थी म्हणे, "हो मॅडम." मग पुढचा. मॅडमच्या शिकवण्याचं नाव होतं. दुसऱ्या वॉर्डांतली मुलं मागे येऊन उभी राहत. माझंही कौतुक होई. वॉर्डातल्या मावशी मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टेबलाच्या खणात ठेवत.

तो खण आखूड होता. निळी नळी दुमडल्याशिवाय बंद होत नसे आणि रोज त्याच जागी दुमड पडे. पाचव्या वर्षी रंगकामासाठी वॉर्ड दोन महिने बंद राहिला. मला कोणी बाहेर काढलं नाही. उकाड्यात दुमडीच्या जागी रबर आतून चिकटलं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. वॉर्ड पुन्हा सुरू झाला, मॅडमनी चकती ठेवली. लाल बाजूने ठोके गेले. निळ्या बाजूने काही गेलं नाही.

"ऐकलास ना?"

"हो मॅडम," विद्यार्थी म्हणाला.

हे चार वर्षं चाललं. प्रत्येकाला वाटे, आधीच्याला तर ऐकू आलं, म्हणजे खोट आपल्याच कानात आहे. मग घरी जाऊन तो पुस्तकातलं वर्णन पाठ करी. मला बोलता येत नाही. आलेला आवाज पुढे पोचवायचा, एवढंच माझं काम, आणि तेही मी अर्धंच करत होतो.

चौथ्या वर्षी रुग्णालयाने नियम केला. वॉर्डात शिकवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो की फिजिओथेरपिस्ट, कसं शिकवावं याचा वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करायचा. उत्तीर्ण न होणाऱ्याला विद्यार्थी मिळणार नाहीत.

"बावीस वर्षं शिकवतेय मी," मॅडम हेड सिस्टरना म्हणाल्या. "आता मलाच बाकावर बसवणार?"

"मीही बसतेय की शेजारी," हेड सिस्टर म्हणाल्या. "डबा तेवढा दोघींपुरता आणा."

अभ्यासक्रम चालवणारी बाई पूर्वी अतिदक्षता विभागात परिचारिका होती. तिला सगळे ताई म्हणत. शिकवणाऱ्याला वर्षात तीनदा प्रत्यक्ष वॉर्डात पाहायचं, अशी तिची पद्धत. पहिल्या दोन वेळा ती भिंतीला टेकून वहीत रेघा ओढत राहिली. दोन्ही वेळा शेरा आला, 'अपुरं'.

"पाऊण तासात तुम्ही एकोणीस वेळा 'ऐकलंस ना', 'कळलं ना' म्हणालात," ताई म्हणाली. "एकोणीस वेळा हो आलं. त्यातलं खरं किती, हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझी मुलं खोटं बोलत नाहीत."

"तसं म्हणतच नाही मी. पण नाही म्हणायला तुम्ही त्यांना जागाच ठेवत नाही, मॅडम."

मॅडमच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तिसरा शेराही तसाच आला, तर ती तीन वर्षं विद्यार्थ्यांशिवाय काढायची होती. "नुसती औषधं लिहीत फिरायचं," असं त्या हेड सिस्टरना म्हणाल्याचं मी खणातून ऐकलं.

तिसऱ्या वेळी चार नंबरच्या खाटेवर निवृत्त बसचालक होते. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. दोन घाईने, मग एक खोळंबलेला. मॅडमनी लाल जोडी लावली, एका मुलीला निळी दिली. 'ऐकलंस ना' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"जसं ऐकू येतंय तसं कठड्यावर बोटाने वाजव."

मुलीचं बोट लोखंडी कठड्यावर पडू लागलं. एकसारखं, समान अंतराने. मॅडमनी डोळे उघडले.

"हे घड्याळ झालं. काकांचं वाजव."

बोट थांबलं. "मॅडम, मला काहीच ऐकू येत नाहीये."

"गेलो की काय मी?" काकांनी विचारलं.

कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच हसले.

"कधीपासून येत नाही?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, माझेच कान तसे आहेत."

मॅडमनी निळी जोडी स्वतःच्या कानात घातली. अर्धं मिनिट ऐकलं. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

उपकरण बिघडलं आहे, परीक्षा पुढे ढकला, असं म्हणायची सोय होती. ताई वही मिटून तेवढ्यासाठी थांबलीही. मॅडमनी विद्यार्थ्यांकडे वळून विचारलं, "अजून कोणाला ऐकू येत नव्हतं?"

चार हात वर झाले. सहावा म्हणाला, "मला वाटायचं, येतंय."

मागे नोंदी घेणारा तरुण डॉक्टर तीन वर्षांपूर्वी याच खाटांभोवती शिकला होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

"मलाही नाही, मॅडम. नंतर स्वतःच्या स्टेथोस्कोपवर शिकलो, हळूहळू."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नव्हतं. 'ऐकलास ना' म्हणायचात."

मॅडमनी मला बाजूच्या टेबलावर ठेवलं. "काका, सहाही जण आपापल्या स्टेथोस्कोपने ऐकतील. चालेल?"

"चालेल. रांगेत या म्हणावं, पुढच्या दाराने कोणी चढू नका."

एकेक जण ऐकत गेला आणि कठड्यावर वाजवत गेला. जमेपर्यंत मॅडम थांबल्या. त्या मुलीचं बोट तिसऱ्या प्रयत्नात काकांच्या ठोक्यासारखं अडखळलं. त्या दिवशीचा ठरवलेला पाठ अर्धाही झाला नाही.

त्याच दुपारी मॅडमनी चार वर्षांचे हजेरीपट काढले. शहाण्णव नावं निघाली. प्रत्येकाला पत्र गेलं, 'चूक माझी आहे. कोणत्याही शनिवारी या, आपला स्टेथोस्कोप घेऊन.' निकाल तीन आठवड्यांनी लागला, त्यात त्या उत्तीर्ण होत्या. पण तोपर्यंत शनिवारचे दोन वर्ग होऊनही गेले होते.

मित्रांनो, आता मी अभ्यासक्रमाच्या वर्गात खुंटीला टांगलेला असतो. सरळ, न दुमडता. निळी नळी बदलू नका, असं मॅडमनीच सांगितलं. दरवर्षी पहिल्या दिवशी त्या येतात, चकती स्वतःच्या छातीवर ठेवतात, नव्याने शिकायला आलेल्या अनुभवी मंडळींच्या कानाला एकेक करून निळी जोडी लावतात आणि जुन्याच पद्धतीने विचारतात, "ऐकलंत ना?"

वस्तू पुसून ठेवली म्हणजे तिची काळजी घेतली, असं होत नाही. ती चालते का, हेही पाहावं लागतं. तुम्ही कधी धाकट्या भावंडाला गणित समजावाल, तेव्हा 'कळलं ना' म्हणून उठू नका. त्याला सोडवून दाखवायला सांगा आणि थांबा. आणि तुमच्या कानाला कोणी जोडी लावली आणि काहीच आलं नाही, तर तसं सांगा. कदाचित नळीच बंद असेल.

गेल्या वर्षी वर्गातल्या बाराजणांपैकी एकीने 'नाही' म्हटलं होतं. या वर्षी तिघांनी म्हटलं.