टाक्याऐवजी घमेल्याला

मी गोंद बोलतोय. पोस्टातल्या बाटलीतला नव्हे आणि लाडवातला तर नव्हेच. मी पाण्याखाली चिकटणारा गोंद. निदान जन्म तरी त्यासाठी झाला होता. आज मी एका घमेल्याच्या तळाशी दगड होऊन बसलोय आणि माझ्या पोटात एक ब्रश उभा रुतलाय. हसायचं असेल तर हसून घ्या, बाकी सगळे हसून झालेत.

माझं मूळ हरिहरेश्वरच्या खडकांवर. तिथे शिनाणे नावाचे काळे शिंपले राहतात. महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैथिली मॅडम सुट्टीत तिथे गेल्या आणि त्यांच्याकडे बघतच बसल्या. एवढ्या लाटा आपटतात, तरी हे सुटत कसे नाहीत? शिनाणा खडकाला पाय टेकतो, खालचं पाणी बाजूला सारतो, चीक सोडतो आणि घट्ट बसतो. त्याच गुणाचा गोंद म्हणून मॅडमनी मला प्रयोगशाळेत घडवलं. बरेचदा प्रयोग फसला. शेवटी बादलीतल्या पाण्यात दोन ओले दगड मी असे धरले, की त्या एकट्याच टाळ्या वाजवत हसल्या. माझं सुख तेवढंच.

मला घडवलं ते कुडपणजवळच्या एका वाडीसाठी. तिथे झऱ्यावर दगडी टाकं आहे. पाण्याखालच्या भेगेतून ते गळतं. उपसून सिमेंट लावावं, तर झरा इतका बारीक की उन्हाळ्याआधी टाकं पुन्हा भरायचं नाही. होळी झाली की टाकं कोरडं, आणि म्हाताऱ्या प्रयागबाई हंडा घेऊन दरीत उतरणार. कॉलेजच्या शिबिरात मॅडमनी त्यांना शब्द दिला होता, "यंदा नाही उतरावं लागणार, मावशी."

२००३ च्या फेब्रुवारीत मला दोन डब्यांतून वाडीवर नेलं. दोन्ही एकत्र कालवले की चहा पिऊन होईपर्यंत मी घट्ट होतो. म्हणजे कालवायचं आणि लगेच पाण्यात हात घालायचा. एवढं सोपं.

पण आपल्याकडे काहीही व्हायचं ते कोणाच्या तरी शुभहस्ते. मॅडमचे विभागप्रमुख शरच्चंद्र सर मंडप, हार, शाल-श्रीफळ सगळं घेऊन आले होते. पहिला हात उद्घाटनाला बोलावलेल्या साहेबांचा. खालच्या वळणावर गाडी दिसली, तसे सर म्हणाले, "कालवा आता."

"सर, ते पोचू देत. हा लगेच धरतो."

"त्यांना ताटकळत ठेवायचं का, मैथिली? कालवा म्हणतो ना!"

मॅडमनी मला घमेल्यात कालवलं. खाली प्रत्येक वस्तीवर गाडी थांबत होती, हार पडत होते. इकडे मी जड होत चाललो होतो. प्रयागबाईंना राहवेना. "तू लाव गो बाय! सायबाला मागनं हात लावूं दे. पानी काय सायबासाठी थांबतंय?"

मॅडमनी ब्रश उचलला. सरांनी डोळे वटारले. ब्रश परत माझ्यात उभा करून त्या थांबल्या. त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती, हे मला ठाऊक आहे. तरी मला त्यांचा राग येतो.

साहेब आले तेव्हा घमेलं आणि मी एक झालो होतो. ब्रश निघेना. सर हसत म्हणाले, "फोटोपुरता नुसता हात लावा, साहेब." फोटो निघाला, टाळ्या पडल्या, भाषणही झालं. मग सगळे जेवायला पोलादपूरला गेले.

कॉलेजात सरांनी निकाल दिला, "पाण्यात चिकटत नाही." अहो, मला पाणी दाखवलंच कुठे होतं? मला पुन्हा घडवायला मॅडमना नवा माल मिळाला नाही. होळीनंतर प्रयागबाई दरीत उतरल्याच, आणि निसरड्या पायवाटेवर पडून पाय मोडून घरी आल्या.

आता त्या लंगडत येतात. टाक्याच्या बाहेरच्या अंगाला, गळतीखाली, त्यांनी हेच घमेलं ठेवलंय. अर्धी जागा मीच अडवलीय, म्हणून पाणी थोडंच साचतं. मी बुजवायची ती भेग माझ्या डोक्यावर टपटपत असते.

एकदा मॅडम येऊन समोर उभ्या राहिल्या. प्रयागबाईंनीच माझ्यावर हात फिरवला. "किती घासला, पन ह्यो काय सुटत नाय बग."

मॅडम, पुन्हा कधी माझ्यासारखा घडवलात, तर कोणाची वाट बघू नका. मी धरलं होतं हो. तुम्ही हात मागे घेतलात.