समासात लिहिलेले शास्त्र

तो गुरुवार अगदी साधा होता. अंबाजी मास्तरांनी चहात पाव बुडवून खाल्ला, मला मांडीवर घेतले आणि मुलीला विचारले, "पद्मजा, सोप्याचं पत्र?"

"नाही आलं, आबा."

"येईल."

मित्रांनो, मी एक जुने मराठी बायबल आहे. १९१२ साली मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. लोणावळ्यातल्या मिशन शाळेच्या या मास्तरांनी मला विकत घेतले आणि खादीचे वेष्टण शिवले. शिसपेन्सिलीने ते माझ्या समासात लिहीत: हा नियम कोणासाठी, कोणत्या काळी, कशाच्या भीतीने? पद्मजा ते सारे वाचत असे.

तिचा धाकटा भाऊ सोपान रेल्वेत फिटर होता. दत्तोबा नावाच्या सोबत्याबरोबर तो एका खोलीत संसार मांडून राहत होता. ते कळल्यावर १९४१ साली चर्चच्या मंडळीची सभा भरली. पंच रखमाजींनी माझ्यातले लेवीय पुस्तक उघडले. पुरुषाने पुरुषाशी संग केला तर दोघांना जिवे मारावे, हे वचन त्यांनी मोठ्याने वाचले.

मास्तर उठले. "रखमाजी, हे नियम रानात तंबू ठोकून राहणाऱ्या लोकांचे. मुलं झाली नाहीत तर कूळ बुडेल, आसपासच्या राष्ट्रांत आपण विरून जाऊ, ही त्यांची धास्ती. तुमच्या अंगातला कोट कशाचा?"

"सूत आन् लोकर. लय थंडी हाय हितं."

"मग मागचं पान उलटा. दोन जातींच्या धाग्यांचं वस्त्र घालू नको, असं तिथं लिहिलंय."

लोक हसले. रखमाजी लाल झाले. "कोट खुंटीला टांगता येतो, मास्तर. तुमचा पोरगा कुटं टांगायचा?"

आता लोक जास्त हसले. बायकांच्या बाजूला पद्मजा खाली मान घालून बसली होती.

सोपानला प्रभुभोजनातून, म्हणजे मंडळीतूनच, काढले. तो दत्तोबासह देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला गेला. पुढे मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा रखमाजींनी पद्मजाला बजावले, "पोरगा घरात दिसला, तर मास्तरला कबरस्तानात तुज्या आईशेजारी जागा न्हाई."

त्या गुरुवारनंतर मास्तरांना धाप लागली. शनिवारी सोपान आला. मी खिडकीत होते. पद्मजाने त्याला पडवीतच अडवले.

"परत जा. आबांना आईजवळ झोपायचंय."

"ताई, एकदा बघू दे."

"नको, सोप्या."

तो कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला आणि स्टेशनकडे गेला.

"बाहेर कोण बोलत होतं गं?" मास्तरांनी विचारले.

"शेजारच्या नंदाबाई."

रविवारी पहाटे ते गेले. त्यांना बायकोशेजारी जागा मिळाली. प्रार्थना रखमाजींनी केली, आणि ती चांगली केली.

मित्रांनो, माझ्यातले एखादे वचन काढून कोणाच्या अंगावर फेकू नका. ते कोणी, कधी, कशासाठी लिहिले, हे आधी बघा. माझी ही विनंती या घरासाठी उशिराची आहे. पेन्सिलीची अक्षरे पुसट होत आहेत. पद्मजाने नंतर सोपानला लिहिलेली दोन्ही पत्रे न फोडता परत आली.

काल पद्मजाने मला उघडले, पण वाचले नाही. रिकाम्या खाटेकडे पाहत ती मोठ्याने म्हणाली, "आबा, नंदाबाई नव्हत्या. सोपान आला होता. मीच त्याला परत पाठवलं."